पुस्तक मिट आणि सांग

(दहावी, बारावी आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं हे भाषण. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला 'आयटीत करिअर' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे भरपूर आहेत आणि त्यातले निम्मे तुम्हाला कोर्स विकायला आलेले असतात. मला दुसरं बोलू द्या. मी आज अभ्यासावर बोलणार आहे. 'खूप अभ्यास करा' हे सांगायला नाही, ते तुमचे अब्बा रोज सांगतात. खूप अभ्यास करूनही परीक्षेत का आठवत नाही, त्याबद्दल.

मी मानसशास्त्राचा माणूस नाही. इंजिनिअर आहे, तेही एक वर्ष घालवून झालेला. आज ज्यांच्या कामाबद्दल सांगणार आहे ते मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत, हेन्री रोडिगर. अमेरिकेत सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे, तिथले. माणसाला कसं आठवतं आणि तो कसं विसरतो, यावर त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांचं संशोधन मी नोकरी लागल्यावर वाचलं आणि मला रागच आला. हे मला सतराव्या वर्षी कोणी का नाही सांगितलं?

आधी एक खेळ. मी पंधरा शब्द वाचतो. लिहायचं नाही, फक्त ऐकायचं. मोबाइल खाली ठेवा. हे भाषण नंतर वाचणाऱ्यांनीही यादी एकदाच वाचायची आणि पुढे जायचं. मागे वळून पाहिलंत तर खेळ बिघडेल.

गादी, उशी, रात्र, जांभई, पांघरूण, स्वप्न, थकवा, घोरणं, डुलकी, पाळणा, अंगाई, खाट, जाग, आराम, चादर.

झालं. याच्याकडे आपण नंतर येऊ.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी गणितात आपटलो. तुम्हाला 'केटी' माहीत असेल, माझ्या इतक्या केट्या साचल्या की वर्षच गेलं. घरी सांगताना मी म्हटलं, "पेपर कठीण होता." पेपर कठीण नव्हता. मी अभ्यास केला नव्हता का? केला होता. सोडवलेल्या गणितांचं ते जाडजूड पुस्तक मी तीनदा वाचून काढलं होतं. तिसऱ्या वेळी तर पान उलटायच्या आधीच मला कळायचं की पुढे कुठलं गणित आहे. मनात म्हणायचो, येतंय सगळं. परीक्षेत प्रश्न बघितला, तेच गणित होतं. पान डोळ्यांसमोर दिसत होतं, पानाच्या कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा दिसत होता. पण दुसरी पायरी आठवेना.

हे तुमच्यापैकी कोणाचं झालंय? बरं, सगळ्यांचंच झालंय.

आता प्रयोगाकडे येतो. २००६ साली रोडिगर आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी जेफ्री कार्पिकी यांनी विद्यापीठातल्या १२० मुलामुलींना दोन छोटे उतारे दिले. एक सूर्याबद्दल, दुसरा समुद्रातल्या पाणमांजरांबद्दल. प्रत्येकी अडीचशे-पावणेतीनशे शब्दांचे, म्हणजे तुमच्या पुस्तकातलं एखादं पान. एक उतारा सात मिनिटं वाचायचा आणि पुन्हा सात मिनिटं वाचायचा. दुसरा सात मिनिटं एकदाच वाचायचा, मग उतारा काढून घ्यायचा, कोरा कागद द्यायचा आणि सात मिनिटं जे आठवेल ते लिहायचं. बरोबर की चूक हे कोणी सांगणार नाही. वेळ दोन्हीला सारखाच.

नंतर परीक्षा. काहींची पाच मिनिटांनी घेतली. त्यांना दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं ८१ टक्के आठवलं, एकदा वाचून लिहिलेल्यातलं ७५ टक्के. म्हणजे वाचन जिंकलं. परीक्षेच्या दाराबाहेर उभं राहून पुस्तक चाळणाऱ्यांनो, तुमचं अगदीच चूक नाही, पाच मिनिटांपुरतं बरोबर आहे. काहींची दोन दिवसांनी घेतली. आता उलटं झालं. वाचलेलं ५४, लिहिलेलं ६८. आणि आठवड्याने वाचलेलं ४२, लिहिलेलं ५६.

त्याच शोधनिबंधात दुसरा प्रयोग आहे, तो मला जास्त आवडतो. यात एका गटाला पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या नुसतं वाचायला दिल्या. त्यांनी तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचला. चौदा! दुसऱ्या एका गटाने पहिल्या फेरीत वाचला, सरासरी साडेतीन वेळासुद्धा नाही, आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत पुस्तक न बघता लिहिला. आठवड्याने चौदा वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं. साडेतीन वेळा वाचणाऱ्यांना ६१.

पण खरी गंमत पुढे आहे. पहिल्या दिवशीच या मुलांना विचारलं होतं, आठवड्याने तुम्हाला हे कितपत आठवेल असं वाटतं? सगळ्यात जास्त खात्री कोणाला होती? चौदा वेळा वाचणाऱ्यांना. ज्यांना कमी आठवणार होतं त्यांनाच सगळं येतंय असं वाटत होतं. ते वाचताना मला माझं चहाचा डाग पडलेलं पान आठवलं.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, याच दोघांनी स्वाहिली भाषेतले ४० शब्द घेतले आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना पाठ करायला दिले. होडीला 'मशुआ', असे. (स्वाहिलीत पुस्तकाला 'किताबु' आणि वेळेला 'वकाती' म्हणतात, म्हणजे असे शब्द आले असते तर आपण इथे बसल्या बसल्या चार मार्क जास्त घेतले असते.) मुलांचे चार गट केले. प्रश्न एवढाच होता की एखादा शब्द एकदा बरोबर आला, की पुढे त्याचं काय करायचं? एका गटाने तो पुढेही वाचायचा आणि विचारूनही घ्यायचा. दुसऱ्याने वाचायचं सोडायचं, पण विचारून घ्यायचा. तिसऱ्याने वाचत राहायचं, पण विचारायचं नाही. चौथ्याने, आला ना, मग सोडून द्यायचा. आपण बहुतेक सगळे चौथ्या गटातले. "ये हो गया" म्हणतो आणि पुढे जातो.

शिकताना चौघे सारख्याच वेगाने शिकले. सगळ्यांना सगळे शब्द एकदा आले. आठवड्याने मात्र ज्या दोन गटांनी स्वतःला विचारणं चालू ठेवलं होतं त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले. विचारणं थांबवलेल्या दोन गटांना ३५ टक्क्यांच्या आसपास. वाचत राहिल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. आणि परत तेच, आठवड्याने किती येईल असं विचारल्यावर चारही गटांनी सारखाच अंदाज दिला होता, साधारण निम्मे. ८० वाल्यांना आपण ८० आहोत हे माहीत नव्हतं, ३५ वाल्यांना आपण ३५ आहोत हे माहीत नव्हतं.

आता तुमच्या हातातल्या कागदावर मघाची यादी लिहा. आठवतील ते शब्द, कुठल्याही क्रमाने. दोन मिनिटं. शेजाऱ्याचं बघू नका, त्यालाही येत नाहीये.

(दोन मिनिटांनंतर) चला. 'उशी' किती जणांनी लिहिलं? छान. 'घोरणं'? हा तर आलाच पाहिजे, घरोघरी सराव असतो. 'झोप' किती जणांनी लिहिलंय? हात वर ठेवा. जवळजवळ निम्मी खोली. ज्यांनी हात वर केलाय त्यांना विचारतो, खात्री आहे? मी म्हटलेलं ऐकू आलं होतं? या मुलीला तर माझा आवाजसुद्धा आठवतोय.

मी 'झोप' म्हटलंच नव्हतं. ही घ्या माझी चिठ्ठी, तपासा.

मी फसवलं, असं ओरडू नका. मी काही केलं नाही. हा खेळ पहिल्यांदा जेम्स डीझ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये केला होता. तो विस्मरणात गेला होता. रोडिगर आणि कॅथलीन मॅक्डरमॉट यांनी १९९५ मध्ये तो पुन्हा काढला. त्यांच्या पहिल्या प्रयोगात यादीत नसलेला तो शब्द ४० टक्के वेळा लिहिला गेला, दुसऱ्यात ५५ टक्के. आणि लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना तो ऐकल्याचं स्पष्ट आठवत होतं.

अभ्यासाशी याचा संबंध काय? माझ्या लेखी हाच संबंध आहे. 'मला आठवतंय' हे वाटणं आणि खरोखर आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदू दोन्ही वेळा तुम्हाला एकच हिरवा दिवा दाखवतो. पान ओळखीचं वाटतं, म्हणून वाटतं की येतंय. नीटचा किंवा सीईटीचा पेपर देणाऱ्यांना हे जास्त भोवतं. चार पर्यायांपैकी एक 'कुठेतरी वाचलंय' असा असतो आणि नेमका तोच चुकीचा असतो.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. मी पूर्वी एका कंपनीत होतो. तिथे डेटाचा बॅकअप रोज रात्री घेतला जायचा. रोज सकाळी मेल यायचा, बॅकअप यशस्वी. दीड-दोन वर्षं आम्ही तो मेल वाचत होतो आणि खूश होतो. एके दिवशी सर्व्हर बसला आणि बॅकअप परत चढवायला घेतला. फाइल होती, आत अर्ध्याहून जास्त डेटा नव्हता. त्या दोन वर्षांत बॅकअप परत चढवून पाहायची बुद्धी कोणालाच झाली नव्हती, मलाही नाही. पुस्तक वाचणं म्हणजे बॅकअप घेणं. तो परत चढतो का, हे पुस्तक मिटल्याशिवाय कळत नाही.

इथपर्यंत मेंदू आणि कॉम्प्युटर सारखे वाटतात. पुढे तसं नाही. कॉम्प्युटरमधली फाइल तुम्ही हजार वेळा उघडा, ती जशी होती तशीच राहते. आठवणीचं तसं नाही. तुम्ही एखादी गोष्ट ओढून बाहेर काढता तेव्हा ती गोष्ट बदलते, पुढच्या वेळी सापडणं सोपं होतं. शेतातल्या पायवाटेसारखं आहे, चालल्याने पडते. कडेला उभं राहून बघितल्याने पडत नाही. म्हणून चाचणी ही नुसती मोजपट्टी नाही, चाचणी हेच शिकणं आहे. रोडिगर यांच्या कामातलं मला पटलेलं मुख्य वाक्य हेच, शब्द माझे.

आणि ते कष्टाचं आहे. कोऱ्या कागदासमोर बसलं की आपण किती मठ्ठ आहोत असं वाटतं. चौथ्यांदा वाचताना मात्र हुशार वाटतं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले रॉबर्ट बियॉर्क यांनी म्हटलंय की शिकताना काही अडचणी हव्याशा असतात. आठवायला त्रास होतोय, ती वेळ वाया जात नाहीये, त्याच वेळी काम होतंय. २००९ मध्ये कार्पिकी आणि रोडिगर यांनी त्यांच्याच विद्यापीठातल्या १७७ मुलांना विचारलं, एकटे अभ्यास करता तेव्हा काय करता? ८४ टक्के म्हणाले, टिपणं आणि पुस्तक पुन्हा वाचतो. स्वतःला विचारून बघतो असं म्हणणारे ११ टक्के. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठाची ही गोष्ट. तेव्हा आपल्याच गल्लीतली पोरं चुकीचा अभ्यास करतात, असं अजिबात नाही.

आता जरा घरातली गोष्ट सांगतो. ही सांगायची की नाही यावर मी बराच विचार केला. आपाची परवानगी घेतली आहे.

माझी आपा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आम्ही दोघं एकाच मराठी शाळेत. घरी दखनी, शाळेत मराठी आणि विज्ञानाच्या पुस्तकात तिसरीच भाषा, 'अपघटन', 'अभिसरण'. आमचे बडे अब्बा हाफिज होते. मगरिबनंतर ते मला हाक मारायचे, "चल, किताब बंद कर और सुना." मी त्या दिवशीचा धडा त्यांना सांगायचो. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, विज्ञान तर दूरच. पण मी अडखळलो की त्यांना लगेच कळायचं. "ये तूने समझा नहीं," म्हणायचे, "फिर देख के आ."

पुढे हे संशोधन वाचलं तेव्हा मला त्यांचीच आठवण आली. हिफ्ज करणारा मुलगा काय करतो? रोज नवा सबक, त्यासोबत गेल्या काही दिवसांतलं, आणि त्यासोबत जुने पारे आळीपाळीने. सगळं उस्तादांसमोर, न बघता. नुसतं बघून बघून कोणी हाफिज झालेला नाही. रोडिगर यांच्या प्रयोगांतलं 'विचारून घेणं' आणि 'अंतर ठेवून विचारून घेणं' दोन्ही त्यात आहे. अर्थात मी लहानपणी ज्या सुरा धडाधड म्हणायचो त्यांचा अर्थ मला विशीतही माहीत नव्हता. आठवण पक्की झाली म्हणून समज येत नाही, त्यासाठी वेगळं बसावं लागतं. पण पद्धत तिथे होती, आमच्या घरातच होती.

ती मला मिळाली. आपाला मिळाली नाही. बडे अब्बा मला "सुना" म्हणायचे तेव्हा ती आत रोट्या लाटत असायची. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला कोणी अडवलं नव्हतं, मारलं नव्हतं, पुस्तकं दिली होती. फक्त तिला कोणी विचारलं नाही. ती रात्री सगळं आवरून दिव्याखाली बसायची आणि वाचायची, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. अम्मी सगळ्यांना सांगायची, "बेचारी दिनभर पढती है." दहावीला आपा तीन विषयांत नापास झाली. घरात निष्कर्ष निघाला: एवढं वाचूनही येत नाही, म्हणजे डोकंच नाही. आपानेही तो मान्य केला. मान्य का करणार नाही? तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं की आपण वाचतो आणि आपल्याला येत नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं.

आणि मी? बडे अब्बा गेले, मी हॉस्टेलवर गेलो, तिथे "सुना" म्हणणारं कोणी नव्हतं. मीही आपासारखाच वाचत बसलो आणि मीही आपासारखाच आपटलो. फरक एवढाच की माझ्याबद्दल घरात कोणी म्हटलं नाही की याला डोकं नाही. म्हणाले, "पेपर कठीण था."

ही गोष्ट मी रडायला सांगितली नाही. विचारलं जाणं ही एक सोय आहे, आणि ती सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे मला म्हणायचंय. ज्याचे आईवडील शिकलेले आहेत त्याला जेवताना विचारतात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला क्लासवाले दर रविवारी टेस्ट घेऊन विचारतात. त्या क्लासची फी बऱ्याच अंशी या विचारण्याची फी असते, भिंतीवरच्या एसीची नाही. ज्याला कोणी विचारत नाही तो वाचत राहतो, आणि मग स्वतःला मठ्ठ समजतो. अशी किती मुलं, आणि त्याहून जास्त किती मुली, आपल्या मोहल्ल्यांतून दहावीलाच गळाली असतील.

शाळेतही हे करता येतं. इलिनॉय राज्यात कोलंबिया नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळेत रोडिगर यांच्या गटाने सहावीच्या समाजशास्त्राच्या वर्गात प्रयोग केला. धडे होते इजिप्त, मेसोपोटेमिया, भारत, चीन. शिकवणं नेहमीचंच. फक्त काही भागावर तास सुरू होताना आणि संपताना छोटे प्रश्न, मुलांनी हातातल्या रिमोटवर उत्तर द्यायचं, मार्क नाहीत. कुठल्या भागावर प्रश्न विचारले जातात हे बाईंना कळू नये म्हणून प्रश्नांच्या वेळी त्या वर्गाबाहेर जायच्या. काही भाग नुसता पुन्हा सांगितला. जिथे प्रश्न विचारले होते तिथे मुलांना परीक्षेत एक पूर्ण श्रेणी जास्त मिळाली. जो भाग नुसता पुन्हा सांगितला होता त्याचा फायदा? काही न केलेल्या भागाइतकाच, म्हणजे नाहीच. यातलं 'मार्क नाहीत' हे शिक्षकांनी लक्षात घ्यावं. आपल्याकडे चाचणी म्हटली की छडी, नाहीतर पालकांना बोलावणं. त्याने मुलं प्रश्नालाच घाबरतात. न घाबरवता रोज विचारलं तर उलट परीक्षेची भीती कमी होते, असं पूजा अगरवाल यांनी शाळकरी मुलांना विचारून नोंदवलंय. त्या रोडिगर यांच्याच विद्यार्थिनी.

मग करायचं काय? फार काही नाही. एक पान वाचा. समजलं का ते बघा. नसेल तर कोणाला तरी विचारा, इथे लाज नको, कारण न समजलेलं आठवून काढता येत नाही. मग पुस्तक मिटा. रफ वहीत आठवेल ते लिहा, तोडकंमोडकं, दखनीत लिहा, मराठीत लिहा, चित्र काढा. अडलात की लगेच पान उघडू नका, जरा सोसा. मग उघडा आणि लाल पेनने दुरुस्त करा. ही दुरुस्ती चुकवायची नाही, नाहीतर चूकच पक्की होईल. आताच आपण 'झोप' किती खात्रीने लिहिलं ते पाहिलंत. दुसऱ्या दिवशी नवं वाचायच्या आधी कालचं लिहून बघा. मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. मध्ये थोडं विसरायला होईल. होऊ द्या. थोडं विसरल्यावर आठवण्यातच ताकद लागते.

हायलायटर घरी ठेवा. ओहायोतल्या केंट विद्यापीठाचे जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं या दोनच पहिल्या श्रेणीत आल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हापुन्हा वाचणं तळाच्या श्रेणीत. यूट्यूबवर कोणीतरी गणित सोडवताना बघणं त्या यादीत नव्हतं, पण त्याची जागा कुठे असेल ते मी सांगायला नको.

दोघंतिघं मिळून करा. एकाने पुस्तक धरायचं, दुसऱ्याने सांगायचं. पुस्तक धरणाऱ्याला विषय यायलाच हवा असं नाही. बडे अब्बांना येत नव्हता. आईला बसवा, लहान भावाला बसवा. आणि घरात बहीण असेल तर तिला विचारा. "चहा कर" म्हणायच्या आधी विचारा.

एक सांगायला हवं. हे म्हणजे गरिबीवरचा उपाय नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं असतील, स्कॉलरशिप वर्षभर अडकली असेल, कॉलेजला जायला एसटीच नसेल, तर कोऱ्या कागदाने ते सुटत नाही. त्यासाठी भांडावं लागतं आणि ते भांडण आपण सोडायचं नाही. 'अभ्यासाची पद्धत चुकली म्हणून मागे राहिले' असं कोणी म्हणायला लागलं तर मी त्याच्याशीही भांडेन. पण त्या खोलीतही रात्री दहाला जी मुलगी पुस्तक उघडते, तिचे ते दोन तास वाया जाऊ नयेत, एवढं या संशोधनातून मिळतं. खर्च रफ वहीचा.

आपाने चार वर्षांपूर्वी पुन्हा दहावीचा फॉर्म भरला. तिची मुलगी तेव्हा सहावीत. संध्याकाळी आपा रोट्या लाटायची आणि पोरगी ओट्याशेजारी स्टूलवर पुस्तक धरून बसायची. "अम्मी, अपघटन म्हणजे?" आपा लाटणं न थांबवता सांगायची. चुकली की पोरगी ओरडायची. "फिर देख के आ," असं ती म्हणाली तेव्हा मी तिथेच होतो. बडे अब्बांना तिने कधी पाहिलेलंही नाही. दहावी सुटली. यंदा आपा १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसतेय. निकालाचं मला ठाऊक नाही, इतिहास चांगला चाललाय, अर्थशास्त्र रडवतंय.

माझं बोलून झालं. चहा तयार आहे, पण दहा मिनिटांनी मिळेल. मघाचा कागद उलटा करा. 'झोप' लिहिलेली बाजू खाली. मी अर्धा तास जे बोललो त्यातलं आठवेल ते लिहा, मोबाइल न बघता. नावं नाही आठवली तरी चालतील, आकडे चुकले तरी चालतील. लिहून झालं की शेजाऱ्याशी कागद बदला. आज शनिवार आहे, पुढच्या शनिवारी मी ग्रुपवर हेच विचारणार आहे.

सुरू करा.